वाद्यांचा नाद



बाहेरच्या फळ्यावर आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून पुष्कळांना वाटले असेल की, आज कोणी गवई येणार, पेटी-तबला मांडला जाणार आणि बोलता बोलता दोन ताना ऐकावयास मिळणार. तशी निराशा झाली असेल तर प्रारंभीच क्षमा मागतो. आम्ही बोलणार आहोत ते वाद्ये वाजविण्याविषयी नव्हे, वाद्ये विकत घेण्याविषयी. मराठीत 'नाद' हा शब्द मोठा गमतीचा आहे. तंबोऱ्यातून निघतो तोही नाद आणि माणसाला लागतो तोही नाद. पहिल्या नादासाठी म्हणून माणूस बाजारात जातो आणि दुसरा घेऊन घरी येतो. या दुसऱ्या नादाची हकीकत आज सांगावयाची आहे.

कोणी म्हणेल, बीड जिल्ह्यात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, जिथे गावोगाव पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा चैनीचा विषय कशाला? परंतु हा विषय केवळ चैनीचा नाही. आपल्या जिल्ह्यात भजनी मंडळ नाही असे गाव शोधून काढावे लागेल. नारायणगड घ्या, कपिलधार घ्या, भगवानगडाचा परिसर घ्या. टाळ-मृदंगावाचून इथला कोणताही सोहळा पुरा होत नाही. आणि या प्रत्येक मंडळाकडे जी पेटी आहे, जो पखवाज आहे, तो लोकांच्या वर्गणीतून आलेला आहे. ती वर्गणी कशी जमते हे आपण जाणता. ऊसतोडीच्या उचलीतून आणि कापसाच्या पट्टीतून पाच-पन्नास रुपये बाजूला काढून लोक देतात. तेव्हा वाद्यांच्या खरेदीत जो मोह आहे तो कोणा रंगेल श्रीमंताचाच आहे असे मानण्याचे कारण नाही. तो देवळाच्या ओवरीतही आहे.

प्रथम हा नाद लागतो कसा, ते पाहू. आपल्या सर्वांच्या ओळखीची वस्तू घेऊ, म्हणजे पेटी.

पेटी शिकावी असे ज्याच्या मनात येते तो आधी साधी पेटी आणतो. सहा महिने जातात. 'सारेगम' पाठ होते, एखादा अभंग बऱ्यापैकी बसतो, आणि मग एके दिवशी कोणा जाणकाराची पेटी त्याच्या कानावर पडते. तिचा आवाज भरदार असतो, आपल्या पेटीचा पातळ. चौकशी केल्यावर कळते की आपल्या पेटीला खर्ज नाही. ज्यांना पेटीचे अंतरंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या आत पितळेच्या लहान लहान पातळ जिभा असतात. त्यांना रीड म्हणतात. भात्याचा वारा त्यांतून गेला की त्या थरथरतात आणि सूर उमटतो. या रीडची एक ओळ असेल तर आवाज एकेरी, दोन असतील तर दुहेरी; आणि त्यांत एक सप्तक खालच्या सुरांची ओळ घातली म्हणजे ती खर्जाची पेटी. नर, मादी आणि खर्ज अशी नावेच पेटीवाल्यांनी दिली आहेत. झाले. आता त्याला खर्ज पाहिजे. खर्जाची पेटी आली की पुढे 'कपलर' आहे. एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप खाली जाते. त्याच्याही पुढे 'स्केल चेंजर' आहे. गाणाऱ्याची पट्टी काळी एक असो की पांढरी पाच, वाजविणाऱ्याने वरची कळपट्टी सरकवावी आणि बोटे आपली नेहमीच्याच ठिकाणी ठेवावीत. त्यानंतर घडीची पेटी आहे, कारण मोठी पेटी आता प्रवासात जड होऊ लागलेली असते. चार पेट्या घरात आल्या. अभंग अजून तोच आहे.

आता हे यंत्र मुळात कुठले? पारीस शहरातल्या देबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने भाता हलवून खुर्चीवर बसून वाजविण्याचे वाद्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला आपल्या बैठकीला सोईचे हाताच्या भात्याचे रूप दिले, आणि मग ते देशभर पसरले. या वाद्यावर टीका कमी झाली नाही. त्याला मींड नाही, त्याचे सूर ठरीव, श्रुतींचा त्यात पत्ता नाही, असे आक्षेप घेतले गेले आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने त्याला दाराबाहेर ठेवले. ही बंदी योग्य होती असे आमचे मत नाही. पण गंमत अशी की, ज्या उणिवेसाठी पेटीला नावे ठेवली गेली ती उणीव खर्जाने भरून निघत नाही, कपलरने निघत नाही आणि स्केल चेंजरनेही निघत नाही. ती भरून काढली ती वाजविणाऱ्यांनी. 'मानापमान' नाटकाला १९११ साली संगीत देणारे गोविंदराव टेंबे पेटी वाजवीत तेव्हा लोकांना ती गाताना ऐकू येई, असे त्या काळच्या रसिकांनी सांगून ठेवले आहे. त्या जमान्यातल्या नाटक मंडळीत ज्या नटाचा जो सूर, त्या सुरातून साथ करण्याची बोटांना सवय करावी लागे. ती अडचणच होती, यात शंका नाही. पण त्या अडचणीतच पुष्कळसे शिक्षण होते. कळपट्टी सरकवून ती अडचण आपण दूर करतो तेव्हा तिच्याबरोबर काय गेले ते त्याच दिवशी कळत नाही. रोज चार गायकांची साथ करणाऱ्या धंदेवाईक वादकाला स्केल चेंजर हवाच. त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. ज्याने अजून एकाही गायकाची साथ केलेली नाही त्याच्याविषयी बोलत आहोत.

तरुण मंडळी म्हणतील, पेटीचे सोडा, आमचा मामला निराळा आहे. मामला तोच आहे. लग्नाच्या वरातीत आज बेंजो पार्टी वाजते, जागरण-गोंधळात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यातली मुले पुण्या-मुंबईला शिकावयास गेली की कोणी गिटार घेतो, कोणी बेस गिटार घेतो. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, निव्वळ खर्ज वाजविण्याची गिटार. ती घेतली की तिच्यासाठी अँप्लिफायर, मग आवाजाला निरनिराळे रंग देणारी पायाने दाबावयाची पेडले, मग पाच तारांची दुसरी बेस, कारण पहिलीला एक तार कमी पडते! आमचा पेटीवाला आणि हा बेसवाला यांची भेट झाली तर एकमेकांचे संगीत त्यांना कळणार नाही; परंतु दुःख मात्र क्षणात कळेल. अमेरिकेतल्या 'स्टीली डॅन' या वाद्यवृंदाचा वॉल्टर बेकर याने १९९४ साली या विकाराला 'गिटार अॅक्विझिशन सिंड्रोम' असे थट्टेने डॉक्टरी नाव दिले. नाव तिथे पडले, रोग आपल्याकडेही जुनाच आहे.

या रोगाचा खरा जोर नव्या वस्तूंत नसून जुन्या वस्तूंत आहे, हे आमचे एक निरीक्षण आपणापुढे ठेवतो. नवी पेटी घ्यावयाची तर किंमत ऐकून माणूस थबकतो, घरात विचारतो, दिवाळीवर ढकलतो. जुनी पेटी मात्र 'स्वस्तात मिळाली' या सहा अक्षरी मंत्राने थेट उंबरा ओलांडते. काटकसरी माणूस नव्याच्या मोहात पडत नाही; तो जुन्याच्या मोहात पडतो, कारण तिथे त्याला खर्च केल्यासारखे वाटत नाही, बचत केल्यासारखे वाटते. कोणी सांगितले की अमुक गावी एका वाड्यात जर्मन रीडची जुनी पेटी पडून आहे, की हा एस.टी.ने निघालाच. पूर्वी निदान एस.टी. तरी धरावी लागे. आता रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर साऱ्या देशातल्या जुन्या पेट्या, जुने तबले, जुन्या गिटारी डोळ्यांपुढून सरकत राहतात. आणि 'नको झाली तर त्याच किमतीला विकून टाकू' हा दिलासा आहेच. ती विकली जाते खरी. पण आलेल्या पैशांत थोडी भर घालून दुसरी घेण्यासाठी!

यात एक सूक्ष्म फसगत आहे. वाद्याविषयी वाचणे, त्याची चौकशी करणे, दोन दुकानांतले भाव ताडून पाहणे, जाणकारांशी रीडच्या गुणदोषांवर वाद घालणे, हे सारे संगीताच्या इतके जवळचे आहे की ते संगीतच आहे असे मनाला वाटू लागते. संध्याकाळचे दोन तास असे गेले म्हणजे रियाज केल्यासारखा थकवा येतो आणि समाधानही येते. आळशी माणसाला हा नाद लागत नाही हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याला खरोखर वाजवावेसे वाटते, ज्याला आपल्या वाजविण्यातली उणीव कळते, त्यालाच हा लागतो. उणीव आहे बोटांत. ती वर्षा-दोन वर्षांनी जाईल. तीच उणीव वाद्यात आहे असे धरले तर ती येत्या रविवारी जाईल. मग माणूस रविवारची निवड करतो.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकात दिदेरो नावाचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने आपल्या जुन्या अंगरख्यावर एक निबंध लिहिला आहे. त्याला एक नवा उंची अंगरखा मिळाला. तो घालून तो आपल्या खोलीत बसला, तेव्हा गवती खुर्ची अंगरख्याला शोभेना, म्हणून चामड्याची आली. मग मेज शोभेना, मग भिंतीवरची चित्रे शोभेनात. एका वस्तूने सारी खोली बदलावयास लावली. पेटीपासून कपलरपर्यंत आणि गिटारीपासून पेडलापर्यंतचा रस्ता तोच आहे.

इथपर्यंत नुकसान फार तर घेणाऱ्याचे झाले. त्याचा पैसा, त्याची हौस. आम्हांला त्यावर आज तासभर आपला वेळ घ्यावयाचा नव्हता. पण वाद्य ही भांड्यासारखी किंवा दागिन्यासारखी वस्तू नाही. सोन्याची पाटली पेटीत ठेवली तर वीस वर्षांनी पाटलीच निघते. तबला कपाटात ठेवला तर वीस वर्षांनी तबला निघत नाही.

आपल्या भागातली हवा पाहा. वैशाखात ऊन असे कोरडे की दाराच्या फळ्यांना भेगा पडतात. आणि मृग लागला की त्याच फळ्या फुगून दार चौकटीत अडकते. दाराचे जे होते तेच पेटीच्या लाकडाचे होते. उन्हाळ्यात सांधे उकलतात, वारा निसटू लागतो. पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटतात आणि एक दाबली की दोन ओरडतात. रोज वाजणाऱ्या पेटीत हा बिघाड पहिल्याच दिवशी कळतो आणि तिथल्या तिथे दुरुस्त होतो. न वाजणाऱ्या पेटीत तो मुकाट्याने वाढत जातो. आतल्या लोकरी कापडाला कसर लागते, भात्याचे कातडे कडक होऊन दुमडीवर चिरते, रीडवर धूळ आणि कळकट चढून सूर उतरतो. आणि उंदरांना तर बंद पेटीइतके सुरक्षित बाळंतघर दुसरे नाही. पखवाज-तबल्याचे तसेच. पुडी हे शेवटी कातडे आहे. हाताखाली रोज असले तर ते जिवंत राहते. न वाजता ओढीवर तसेच ताणून ठेवले तर वाळते आणि एखाद्या दुपारी घरात कोणी नसताना फाटते. शाईला चिरा जातात, वाद्या ढिल्या पडतात. तंबोऱ्याच्या भोपळ्याला भुंगा लागतो.

तेव्हा ज्याच्या घरात सहा वाद्ये आहेत आणि वाजविणारा एक आहे, त्याच्या घरात एक वाद्य जगते आहे आणि पाच मरत आहेत, असा हा सरळ हिशेब आहे. तो सहा वाद्यांचा धनी आहे असे आपण म्हणतो ते केवळ पावत्यांवरून.

आणि ही वाद्ये घडतात कशी? मिरजेच्या तंबोऱ्याचे उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला मिरजेतल्या शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, हा धंदा हाती घेतला. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले अग्रणी. हत्यारांचे दिवस सरले होते आणि संस्थानिकांच्या पदरी गवयांचे दिवस आले होते. त्यांच्या वंशजांनी ती विद्या आजतागायत टिकविली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. आपल्यातले जे वारीला जातात त्यांनी भीमेच्या काठी हे कडू भोपळे वाळताना पाहिलेही असतील. भोपळा चांगला सुकवावा लागतो, मग त्याला तुनाच्या लाकडाची दांडी जोडावयाची, नक्षी करावयाची, आणि सरतेशेवटी जवारी काढावयाची. जवारी म्हणजे घोडीचा माथा कानसेने अशा बेताने घासणे की तार तिला निसटता स्पर्श करीत गुंजत राहील. हे काम मोजपट्टीने होत नाही, कानाने होते. वाजवून वाजवून घोडी झिजते, जवारी बसते, आणि ती पुन्हा काढून घ्यावी लागते. म्हणजे तंबोरा हा एकदा विकत घेऊन संपणारा व्यवहार नव्हे. कारागीर आणि वाजविणारा यांची ती जन्माची सोयरीक आहे.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे आणि तो बिनतोड वाटतो. लोकांनी वाद्ये घेणे थांबविले तर हे कारागीर खातील काय? मिरजेच्या गल्लीत शांतता पसरेल ती तुमच्या उपदेशामुळेच! याला आमचे उत्तर असे की, कारागिराला पोसतो तो वाजविणारा. जो एक चांगला तंबोरा घेतो आणि वर्षा-दोन वर्षांनी जवारीसाठी, तारांसाठी, खुंट्यांसाठी त्याच्याच दारात उभा राहतो, तो त्याला आयुष्यभर काम देतो आणि त्या कामाची पारखही ठेवतो. जो सहा स्वस्त वाद्ये घेऊन कपाटात कोंबतो त्याला जवारी गेली की राहिली हे कळणारही नाही. अशा गिऱ्हाइकांसाठी मग वाद्येही तशीच होऊ लागतात. नक्षी दाट आणि नाद पातळ. आपल्या जिल्ह्यात पखवाजाला पुडी चढविणारा किंवा भाता बदलणारा माणूस गाठावयाचा तर किती गावे पालथी घालावी लागतात, ते भजनी मंडळांना विचारावे. दुरुस्तीला कोणी येत नाही म्हणून तो धंदा सोडतो, आणि तो नाही म्हणून लोक दुरुस्ती सोडून नवे घेतात.

आता खर्जाकडे पुन्हा वळतो, कारण साऱ्या खरेदीचा उगम आम्ही खर्जात दाखविला होता. पेटीवाल्याला खर्ज हवा म्हणून तिसरी ओळ लागली, शहरातल्या मुलाला खर्ज हवा म्हणून पाचवी तार लागली. आपल्या पखवाजाला खर्ज कशाने येतो? कणकेने! डाव्या तोंडाला, धुम्याला, ओल्या कणकेचा गोळा थापावयाचा. कमी पडला तर आवाज वर राहतो, जास्त झाला तर घुसमटतो. बोटाने थोडा काढावा, थोडा लावावा, आणि उजव्या बाजूच्या सुराशी तो जुळला की देवळाच्या खांबांना ऐकू जाईल असा गंभीर धुमकार उठतो. वाजवून झाले की कणीक खरवडून काढावयाची. उद्या पुन्हा नवी. हा खर्ज कुणाला विकत घेऊन साठविता येत नाही. अलीकडे नटबोल्टचे पखवाज आले आहेत. ओढ जुळविण्याचे श्रम त्यांनी वाचविले, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण धुम्यावरची कणीक अजून हातानेच लावावी लागते, आणि ती लावता येणे हे वाजविण्याइतकेच शिकण्याचे काम आहे. याच अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर. वारकरी भजनाच्या मृदंगापासून निघून त्यांनी पखवाजाला मैफलीत मान मिळवून दिला, 'पद्मश्री'पर्यंत त्यांचे नाव गेले, आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापूंनी ती परंपरा पुढे चालविली. या घराण्याचा धुमकार ज्यांनी ऐकला आहे असे पुष्कळ श्रोते इथे समोर बसलेले असतील. तो दुकानातून आलेला नव्हता, हे त्यांना सांगावयास नको.

आणि बेस गिटारवाल्या मुलांना आपेगाव दूरचे वाटत असेल तर त्यांच्याच वाद्याचे उदाहरण देतो. विजेवर चालणारी ही बेस गिटार अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणली. डेट्रॉइट शहरात मोटाऊन नावाची ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी होती. तिच्या शेकडो गाण्यांना जेम्स जेमरसन नावाच्या काळ्या वादकाने बेसची साथ केली. त्या वाद्यावर आजवर जे मोठे वादक झाले त्यांत त्याचे नाव पहिल्या ओळीत घेतात. १९६२ च्या बनावटीची एक फेंडर बेस, हेच त्याचे मुख्य साधन. तारा तो तुटल्याखेरीज बदलीत नसे, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडीत असे. पेडलांच्या ढिगातून त्याचा सूर शोधू पाहणाऱ्या लोकांना हे एक बोट फार त्रासदायक वाटते. १९८३ साली तो वारला. त्याच्या थोडे दिवस आधी त्याची ती बेस चोरीला गेली होती.

याचा अर्थ वाद्य कसेही असले तरी चालते असा कोणी करू नये. फुटक्या भात्याच्या पेटीवर मुलाला बसविले तर तो चार दिवसांत पेटी सोडील, आणि बेसूर तंबोऱ्यावर कान घडण्याऐवजी बिघडेल. साधन चांगले हवे. एक हवे. आणि ते वापरून झिजावयास हवे. आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांविषयी सांगतात की, त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' त्यांनी रचला. त्यांची पासोडी, चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेला ग्रंथ, आपल्या गावाने चारशे वर्षे जपून ठेवली आहे. त्यांच्याजवळ बोरू किती होते, कोणत्या वेताचे होते, दऊत पितळेची होती की मातीची, याची आठवण लोकांनी ठेवली नाही. शाईची ठेवली. रोज संपत होती म्हणून.

इथे संग्राहकांची बाजू न मांडता पुढे गेलो तर अन्याय होईल. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जुन्या वस्तू जमविल्या. दिवे, अडकित्ते, दारे, आणि त्यांत वाद्येही. १९७५ साली तो सारा संग्रह त्यांनी सरकारच्या, म्हणजे लोकांच्या, स्वाधीन केला. अशा संग्रहाची निगा राखणारी माणसे असतात, आणि तो पाहावयास शाळेतले पोरही तिकीट काढून जाऊ शकते. केळकर वाजविण्यासाठी जमवीत नव्हते आणि तसे म्हणतही नव्हते. ज्याला संग्रह करावयाचा असेल त्याने तो जरूर करावा. आपला प्रश्न त्यांचा आहे, जे वाजविण्यासाठी म्हणून घेतात.

त्यांत आम्ही व्यक्तींपेक्षा मंडळांना अधिक जबाबदार धरतो. याच जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहाच्या निमित्ताने आम्ही गेलो होतो. देवळात लोखंडी कपाट होते. त्यात तीन पेट्या, दोन पखवाज आणि एक कीबोर्ड. दसरा झाला की त्या गावातली निम्मी घरे ऊसतोडीला कारखान्यांच्या मुलखात जातात. ती परत येईपर्यंत पाच-सहा महिने त्या कपाटाला कुलूप. गावात राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुले. त्यांतल्या दोन-तीन मुली शाळेत प्रार्थना फार सुरेल म्हणत. पेटी शिकावयास मागितली का, असे विचारले, तर म्हणाल्या, मागितली. पण खराब होईल म्हणून देत नाहीत. सप्ताहासाठी कपाट उघडले तेव्हा तीनपैकी एका पेटीचा भाता कुरतडलेला होता, दुसरीच्या पट्ट्या चिकटलेल्या होत्या. संध्याकाळी मंडळी बसली आणि चौथ्या पेटीसाठी वर्गणीचा आकडा ठरू लागला. बैठकीत एकाने हळूच सुचविले की, आहेत त्या दुरुस्त करून घेऊ. 'जुन्यावर किती खर्च करावयाचा?' असे त्याला उत्तर मिळाले. खर्च कमी लागला असता हे सर्वांना माहीत होते. पण दुरुस्त पेटीला हार घालता येत नाही, तिची देवळापर्यंत मिरवणूक काढता येत नाही आणि देणगीदाराचे नाव तिच्यावर पुन्हा रंगविता येत नाही, ही खरी अडचण होती. त्या मुलींचे नाव बैठकीत निघाले नाही.

म्हणून मंडळांच्या चालकांना आमची विनंती आहे की, नव्या वाद्याचा ठराव मांडण्यापूर्वी गेल्या वर्षभरात कपाटातले कोणते वाद्य किती दिवस वाजले, एवढे वहीत पाहावे. वही नसेल तर ठेवावी. कुलूप देवळाला असू द्यावे, कपाटाला नसावे. पोरांच्या हातून पट्टी मोडेल, हे खरे आहे. मोडलेली पट्टी बसविता येते. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर अशी एखादी पेटी, एखादी तबल्याची जोडी निजून आहे, त्यांनी ती विकली तरी हरकत नाही, दिली तर फारच उत्तम. फक्त घेणारा वाजविणारा आहे की आपल्यासारखाच जमविणारा आहे, एवढे पाहून घ्यावे.

आता मे महिना आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि त्याच्या आधीच मृगाची दमट हवा सुरू होते. पट्ट्या फुगावयाच्या आत पेटी हलविलेली बरी. नेण्यापूर्वी एकदा भाता हलवून, मागची फळी काढून आत पाहा. वारा निसटत असेल तर कातड्याची पट्टी चिकटवून मगच द्या. नाहीतर ज्या पोराला ती मिळेल त्याचे पहिले दोन महिने सूर काढण्याऐवजी नुसता भाता मारण्यातच जातील.